हनानीला खोड्यातून सोडा

मंडळ्यांचे पाळक, वडीलजन आणि विश्वस्त यांस,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात सप्रेम सलाम.

मी पाळक नाही. १४ वर्षे मंडळीच्या वडीलजनांत होतो आणि त्यातली बरीच वर्षे सभांचे इतिवृत्त लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. आता त्या जबाबदारीतून मोकळा झालो आहे. आपल्यापैकी कित्येकांच्या उपदेशांवर माझा विश्वास पोसला गेला. मी आजारी होतो तेव्हा उशाशी बसून प्रार्थना करणारे आपणच होता. ते ऋण मी विसरलेलो नाही. तरीही हे पत्र लिहितो आहे आणि सर्वांसमोर लिहितो आहे. उघड का, ते पुढे सांगतो.

मला आपल्याशी आसा राजाविषयी बोलायचे आहे.

चुकलेल्या राजावर उपदेश करायचा म्हटले की आपण दावीद घेतो, शौल घेतो, फार तर शलमोन घेतो. आसा क्वचितच कुणी घेतो. त्याच्या नावावर बथशेबा नाही, उरीयाचा खून नाही, ७०० राण्या नाहीत. यहूदाच्या गादीवर बसलेल्या चांगल्या राजांत त्याची गणना होते. यरुशलेमेत त्याने ४१ वर्षे राज्य केले. परकी दैवतांच्या वेद्या पाडल्या, स्तंभ फोडले. राजमाता माका हिने अशेरेची अमंगळ मूर्ती उभारली, तेव्हा आपल्याच घरातल्या या वडीलधाऱ्या स्त्रीला त्याने पदावरून दूर केले, मूर्ती तोडली आणि किद्रोन ओहोळापाशी जाळून टाकली. घरच्या माणसांपुढे सत्य धरून राहणे किती अवघड असते हे आपण सगळेच जाणतो. आसाने ते केले.

आणि त्याची प्रार्थना! जेरह कूशी दहा लाखांचे सैन्य आणि ३०० रथ घेऊन मारेशापर्यंत चालून आला. आसाकडे यहूदाचे ३ लाख आणि बन्यामिनाचे २ लाख ८० हजार लोक होते, म्हणजे शत्रूच्या निम्म्याहून थोडेच अधिक. तेव्हा तो परमेश्वराला हाक मारून म्हणतो की बलवान आणि निर्बळ यांच्यामध्ये साहाय्य करणारा तुझ्यासारखा कोणी नाही, आम्ही तुझ्यावर भिस्त ठेवली आहे, मर्त्य माणसाला तुझ्यावर प्रबळ होऊ देऊ नकोस. दुसऱ्या इतिहासाच्या १४व्या अध्यायातली ही प्रार्थना मी अनेक रात्री शब्द न् शब्द म्हटली आहे. परमेश्वराने ती ऐकली आणि कूशी पळाले.

विजय मिळवून परतताना त्याला अजऱ्या संदेष्टा भेटतो. देवाच्या आत्म्याने भरून अजऱ्या सांगतो की तुम्ही परमेश्वराबरोबर राहाल तोवर तो तुमच्याबरोबर राहील, त्याला शोधाल तर तो तुम्हांला पावेल, त्याला सोडाल तर तोही तुम्हांला सोडील. आसाला या शब्दांनी हुरूप येतो. राज्याच्या १५व्या वर्षी तो सगळ्यांना यरुशलेमेत गोळा करतो, ७०० बैल आणि ७००० मेंढरे अर्पण होतात, परमेश्वराला जिवेभावे शोधण्याची शपथ वाहिली जाते. बापाने आणि स्वतः त्याने वाहिलेले सोने-रुपे तो मंदिरात आणून ठेवतो. मग ३५व्या वर्षापर्यंत लढाई नाही.

ही २० वर्षे मला नेहमी अडवून धरतात. शास्त्र त्यांविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही. शत्रू नाही, टंचाई नाही, गुडघ्यावर आणणारे काही नाही. उपासना वेळच्या वेळी होत असणार, अर्पणे येत असणार. या वर्षांत आसाच्या आत काय वाळत गेले, ते बाहेरून कुणाला दिसले नाही. कदाचित त्यालाही नाही.

३६व्या वर्षी इस्राएलचा राजा बाशा रामा नगराची तटबंदी करू लागतो. रामा यरुशलेमेच्या उत्तरेला आठ-नऊ किलोमीटरवर, रहदारीच्या वाटेवर. म्हणजे दारातच नाकेबंदी. दहा लाखांपुढे जे संकट होते त्याच्या मानाने हे लहानच. पण या वेळी प्रार्थना नाही. आसा मंदिराच्या आणि राजवाड्याच्या भांडारातले सोने-रुपे काढतो आणि दिमिष्कात अरामाचा राजा बेन-हदाद याच्याकडे पाठवतो: तुझा बाशाशी असलेला करार मोड. जे त्याने आपल्या हाताने परमेश्वराला वाहिले होते, त्यावरच आता हात पडतो. बेन-हदाद इयोन, दान, आबेल-मईम आणि नफतालीची भांडारनगरे मारतो. ही नगरे कुणाची? इस्राएलची, म्हणजे भाऊबंदांचीच.

आणि योजना सफल होते. हे मी मुद्दाम अधोरेखित करतो. बाशा काम सोडून निघून जातो. आसा फर्मान काढतो, कुणालाही सूट नाही, सारे यहूदी रामाचे दगड आणि लाकडे उचलून आणतात आणि त्यांतून गिबा आणि मिस्पा बांधली जातात. शत्रूच्या दगडांनी आपला तट! त्या दिवशी कुणी आसाला विचारले असते, तर परमेश्वराने मार्ग उघडला असेच तो म्हणाला असता. मंडळीत आम्हीही तेच म्हणत होतो. ते पुढे सांगतो.

अशा वेळी हनानी द्रष्टा येतो. तो राजासमोर, तोंडावर बोलतो. तू परमेश्वरावर भिस्त न ठेवता अरामाच्या राजावर ठेवलीस. कूशी आणि लूबी यांचे सैन्य मोठे नव्हते काय? परमेश्वराचे नेत्र साऱ्या पृथ्वीवर फिरत असतात, ज्यांचे चित्त त्याच्याशी पूर्णपणे जडलेले आहे त्यांना बळ द्यावे म्हणून. तू मूर्खपणा केलास. यापुढे तुझ्यामागे लढाया लागतील.

यात नवे काय होते? अजऱ्याने जे सांगितले त्याचाच उत्तरार्ध हनानीने सांगितला. पूर्वार्ध ऐकताना आसाला उभारी आली होती. उत्तरार्ध ऐकताना त्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्याने हनानीला खोड्याच्या घरात टाकले. मूळ इब्री शब्द तोच आहे जो पुढे यिर्मया संदेष्ट्याला पशहूर याजकाने ज्या खोड्यात अडकवले त्यासाठी येतो. हातपाय अडकवून शरीर वाकवून ठेवणारे लाकूड. त्याच वचनात आणखी एक लहानसे वाक्य आहे, जे आपण वाचताना ओलांडून जातो: त्याच वेळी आसाने लोकांतल्या काहींना छळले. म्हणजे हनानी एकटा नव्हता. ‘तो खरे बोलतोय’ असे म्हणणारी चार माणसे असणारच, आणि तीही चिरडली गेली.

बंधूंनो, आसाचे पाप कोणते असे विचारले तर बहुतेक जण बेन-हदादशी केलेला करार असे सांगतील. मी तसे मानत नाही. भीतीपोटी वाट चुकणे दावीदाला घडले, पेत्राला घडले, मला रोज घडते. चूक दाखवणारा माणूस समोर उभा राहिला आणि आसाने त्याला खोड्यात टाकले, तिथे तो हरवला. नाथान संदेष्ट्याने ‘तो मनुष्य तूच आहेस’ म्हटल्यावर दावीद एवढेच म्हणाला की मी परमेश्वराविरुद्ध पाप केले आहे. पुढे बथशेबेच्या पोटी झालेल्या एका मुलाचे नावही नाथान आहे, पहिल्या इतिहासाच्या तिसऱ्या अध्यायात पाहा. ते नाव कशामुळे ठेवले हे शास्त्र सांगत नाही, पण आपला सर्वात लाजिरवाणा दिवस ज्याने उघडा पाडला त्याच्या नावाने त्या घरात मुलाला हाक मारली जात होती, हे मला फार बोलते.

इस्राएलचा राजा यराबाम याने बेथेलच्या वेदीपाशी देवाच्या माणसावर ‘त्याला धरा’ म्हणून हात उगारला तेव्हा तो हात तिथेच वाळला. आसाचा हात वाळला नाही. हनानीला नेले, दरवाजा लागला आणि राजाचा दिवस नेहमीसारखा मावळला असेल. दंड लगेच झाला नाही की आपण समजतो देवाची हरकत नव्हती.

आता माझ्या घरचे सांगतो.

आमच्या मंडळीत विधवा आणि निराधार यांच्यासाठी वेगळा निधी होता. अनेक वर्षे लोक त्यासाठी पाकिटात चिठ्ठी घालून देत आले होते. सभागृहाचे बांधकाम अडले तेव्हा ती रक्कम ‘तात्पुरती’ बांधकामाकडे वळवली गेली. मंडळीला सांगितले नाही. काम झाले. सभागृह सुंदर झाले, समर्पणाच्या दिवशी पुष्कळांचे डोळे पाणावले, माझेही. संडे स्कूल घेणाऱ्या एका भगिनीने मात्र दोन-तीन विधवांना मदत थांबल्याचे पाहिले आणि तिने विचारपूस सुरू केली. तिने कुठे कुजबूज केली नाही. सभेत आली. तिच्या हातात शाळकरी मुलांची असते तशी एक वही होती, कडा दुमडलेली. त्यात तिने वार्षिक अहवालांतले आकडे पेन्सिलीने उतरवून काढले होते. ती उभी राहिली आणि एवढेच म्हणाली, ‘हे पैसे ज्यांचे होते त्यांना कधी परत मिळणार?’

उत्तर सोपे होते. कुणीच ते दिले नाही. एकाने विचारले, तुम्हांला आमच्यावर विश्वास नाही का? दुसऱ्याने सांगितले, परमेश्वराच्या अभिषिक्तांना हात लावू नका. तिची वही उघडीच राहिली, तिच्यात कुणी डोकावले नाही. पुढच्या महिन्यात संडे स्कूलचे वर्ग दुसऱ्या कुणाला देण्यात आले. खड्यासारखे तिला वेगळे काढले. इतिवृत्तात ओळ आहे: ‘मंडळीच्या एकतेला बाधा आणणाऱ्या वर्तनाबद्दल सदर भगिनीस समज देण्यात आली.’ ते हस्ताक्षर माझे आहे. लिहिताना शब्द बरोबर जुळावेत म्हणून मी ते वाक्य दोनदा खोडून पुन्हा लिहिले होते.

‘अभिषिक्तांना हात लावू नका’ या वचनाविषयी मला आपल्याला कळकळीने विनवायचे आहे. ते १०५व्या स्तोत्रात आहे. तिथे बोलणे अब्राहाम, इसहाक, याकोब यांच्याविषयी आहे: बिऱ्हाड पाठीवर घेऊन एका राष्ट्रातून दुसऱ्या राष्ट्रात फिरणारे, संख्येने थोडे, परके लोक. आणि बजावले कुणाला आहे? राजांना. त्यांच्यासाठी त्याने राजांचा निषेध केला, असे आधीच्याच ओळीत आहे. आणि पुढचे अर्धे वचन आपण म्हणतच नाही: माझ्या संदेष्ट्यांना उपद्रव देऊ नका. सत्ताधाऱ्यांना दिलेली ही ताकीद आपण सत्ताधाऱ्यांची ढाल करून वापरतो. दावीदाने शौलावर हात टाकला नाही हे खरे, पण एन-गेदीच्या गुहेतून बाहेर येऊन त्याच्या वस्त्राचा काठ हातात धरून, सगळ्या सैन्यादेखत, तू माझ्यावर अन्याय करतोस हे त्याने मोठ्याने सांगितले. आदर राखणे आणि गप्प बसणे या दोन गोष्टी दावीदाने एक मानल्या नाहीत.

मला ठाऊक आहे, बोट दाखवणारा प्रत्येक जण हनानी नसतो. पाळकांच्या घरी रात्री-अपरात्री फोन येतात, निनावी पत्रे येतात, दुखावलेली माणसे खोटेही बोलतात. पाळकांच्या बायकामुलांनी जे सोसले ते मी जवळून पाहिले आहे. म्हणूनच पौल तीमथ्याला सांगतो की दोन-तीन साक्षीदारांवाचून वडिलांवरचा आरोप ऐकून घेऊ नको. पण लगेच पुढच्या वचनात तो म्हणतो की जे पाप करीत राहतात त्यांचा दोष सर्वांसमोर दाखव. पहिले वचन आपल्या घटनांमध्ये आणि नियमावल्यांमध्ये असते, दुसरे नसते. अंत्युखियात पौलाने पेत्राला तोंडावर आणि सर्वांदेखत विचारले. पेत्राने पौलाला मंडळीतून काढले नाही. पुढे आपल्या दुसऱ्या पत्रात तो त्याला ‘आपला प्रिय बंधू’ म्हणतो.

आसाच्या शेवटाविषयी एक खबरदारी. ३९व्या वर्षी त्याच्या पायांना रोग जडला आणि तो अतिशय वाढला, तरी त्याने परमेश्वराला नाही, वैद्यांना शोधले, असे तिथे आहे. या वचनावरून आजारी माणसांना औषध सोडायला लावणारे उपदेश मी ऐकले आहेत. कृपा करून हे थांबवा. हिज्कीया राजाच्या गळवावर अंजिरांची चकती बांधायला सांगणारा यशया संदेष्टा होता. कलस्सैकरांस पत्रात लूकला प्रिय वैद्य म्हटले आहे. आसाने वैद्य बोलावले ही त्याची चूक नव्हती. ‘रोगातही’ या शब्दावर वजन आहे: पाय चालेनासे झाले, अंथरुण धरले, तरीही ज्याला एकेकाळी त्याने हाक मारली होती त्याला हाक मारावीशी वाटली नाही. हनानीला गप्प केल्यावर देवाशीही बोलणे बंद झाले. हे मी अनुभवाने लिहितो. त्या इतिवृत्तानंतर कित्येक महिने माझी प्रार्थना पाठ केल्यासारखी होत होती. उठायचो, गुडघे टेकायचो, शब्द यायचे आणि आत काही हलायचे नाही.

४१व्या वर्षी आसा वारला. नाना तऱ्हेच्या सुगंधी द्रव्यांनी भरलेल्या शय्येवर त्याला ठेवले, त्याच्या मानार्थ मोठा जाळ केला. राजांच्या पहिल्या पुस्तकात त्याची कारकीर्द गौरवाने आटोपते आणि हनानीशी झालेल्या त्या भेटीचा उल्लेखही नाही. तो इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकाने केला. चांगल्या राजाची झाकलेली गोष्ट देवाने पवित्र शास्त्रात उघडी ठेवली, हे इतिवृत्त लिहिणाऱ्या माणसाला कसे वाटत असेल याची आपण कल्पना करा.

आणखी दोन धागे आहेत. पहिला मिस्पाचा. यरुशलेम पडल्यानंतर, म्हणजे आसापासून सुमारे ३०० वर्षांनी, इश्माएल बिन नथन्या याने मिस्पा येथे बाबेलच्या राजाने नेमलेला अधिकारी गदल्या याचा खून केला. दुसऱ्या दिवशी शखेम, शिलो आणि शोमरोन इथून ८० माणसे आली, दाढ्या काढलेली, कपडे फाडलेली, हातात परमेश्वराच्या मंदिरासाठी अन्नार्पण आणि धूप. त्यांतल्या ७० जणांना कापून इश्माएलने एका हौदात टाकले. यिर्मया ४१व्या अध्यायात थांबून सांगतो की हा हौद आसा राजाने इस्राएलचा राजा बाशा याच्या भीतीने केला होता. संरक्षणासाठी खणलेला हौद. भीतीतून बांधलेली वास्तू आपल्यामागे राहते, आणि तिचा वापर पुढे कोण कसा करील हे आपल्या हाती राहत नाही. आज आपण एका प्रामाणिक बहिणीला गप्प करण्यासाठी जो नियम करतो, तो उद्या एखाद्या लांडग्याच्या हाती पडेल. अत्याचार झालेल्या एखाद्या लेकराचे तोंड बंद करायला तो हाच नियम वापरील. माझे म्हणणे अतिशयोक्त वाटत असेल, तर जगभरच्या मंडळ्यांच्या अलीकडच्या दशकांतल्या चौकशी अहवालांत काय बाहेर आले ते आठवा.

दुसरा धागा हनानीच्या मुलाचा. आसाचा मुलगा यहोशाफाट राजा इस्राएलचा राजा अहाब याच्याबरोबर लढाईला गेला आणि जीव वाचवून परतला, तेव्हा त्याला सामोरा आला येहू, हनानीचा पुत्र. ज्याच्या बापाला या राजाच्या बापाने खोड्यात घातले, तो मुलगा राजवाड्याच्या वाटेवर उभा राहून तेच काम करतो: दुष्टांना साहाय्य करावे काय, परमेश्वराचा द्वेष करणाऱ्यांवर प्रेम करावे काय? घरात काय घडले हे त्याला माहीत होते, तरी तो आला. आणि यहोशाफाटाने ऐकले. त्याने बैर-शेब्यापासून एफ्राइमाच्या डोंगरापर्यंत फिरून लोकांना वळवले, नगरोनगरी न्यायाधीश नेमले. तो पुढे पुन्हा चुकलाही, शास्त्र तेही लपवत नाही. पण येहूला त्याने हात लावला नाही, आणि यहोशाफाटाचा वृत्तांत या येहूच्याच बखरीत लिहिला गेला, असे २०व्या अध्यायात नोंदले आहे.

आपल्याकडे माझे मागणे मोठे नाही. गेल्या १०-१५ वर्षांत आपल्या मंडळीतून प्रश्न विचारून बाहेर पडलेल्या, किंवा आत राहून मागच्या बाकावर गप्प झालेल्या माणसांची नावे एका कागदावर लिहा. त्यांच्या घरी जा. दोघे जा, चार जण जाऊ नका, चार जण गेले की चौकशी वाटते. प्रार्थनेने सुरुवात करू नका, कारण प्रार्थना झाली की समोरच्याला बोलता येत नाही. आधी ऐका. खुलासा देऊ नका. निधी वळवला असेल तर आकडा सांगा आणि परतीची तारीख ठरवा. मग प्रार्थना करा, तिने किंवा त्याने होय म्हटले तर.

मी गेल्या महिन्यात त्या भगिनीकडे गेलो. दार तिनेच उघडले. केस आता पांढरे झाले आहेत. मी माझे ते वाक्य जसेच्या तसे म्हणून दाखवले आणि सांगितले की ते खोटे होते, मी लिहिताना ते मला ठाऊक होते. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘समज मला सगळ्यांसमोर दिली होती. क्षमा एकट्यात का मागता?’

म्हणून हे पत्र उघड लिहिले. आमच्या मंडळीच्या येत्या वार्षिक सभेत ते वाक्य इतिवृत्तातून रद्द करावे, आणि रद्द केल्याचे कारण त्याच पानावर लिहावे, असा लेखी अर्ज मी दिला आहे. विधवा निधीच्या रकमेचा तपशील सोबत जोडला आहे. तिच्या वहीतले आकडे मी अहवालांशी पडताळून पाहिले. एकही चुकलेला नाही.

ख्रिस्तात आपला बंधू,
मंडळीचा एक माजी वडील